गोडं पाणी आत, खारी हवा बाहेर

मालवणच्या धक्क्यावर पहाटे ट्रॉलरचं इंजिन सुरू झालं की खलाशाची पहिली नजर जाते ती नौकेच्या कुशीतल्या एका भोकाकडे. तिथून पाण्याची धार उडायला लागली की त्याचा जीव भांड्यात पडतो. "पाणी मारता मां?" तांडेल आतून विचारतो. बाहेरून होकार आला की मगच दोर सुटतो. धार आली नाही तर इंजिन ताबडतोब बंद करायचं. पंपातल्या इंपेलरची रबरी पाती तुटली असतील, नाहीतर पाणी ओढणाऱ्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी बसली असेल. कारण काहीही असो, तसंच रेटलं तर थोड्याच वेळात इंजिन जाम होतं.

अशा बऱ्याच इंजिनांत पाणी एक नसतं, दोन असतात. एक गोडं. ते कूलंट मिसळून एकदा भरलं की इंजिनाच्या पोटातल्या पोटात फिरत राहतं. दुसरं खारं, समुद्रातून ओढलेलं आणि समुद्रातच परत सोडलेलं. दोघांची गाठ पडते ती कूलरमध्ये, पण मध्ये धातूच्या नळ्यांची भिंत असते. ही भिंत उष्णता ओलांडते, मीठ ओलांडत नाही. शिवाय खाऱ्या पाण्याच्या वाटेत जस्ताचा एक तुकडा बसवलेला असतो. खारं पाणी कुठला तरी धातू खाणारच; त्यानं तांब्याच्या नळ्या सोडून जस्त खावं म्हणून ही सोय. तुकडा झिजला की बदलायचा. धक्क्यावरचा मेकॅनिक हे काम बोलता बोलता उरकतो.

याच तांडेलाच्या खिशातल्या मोबाइलवर आदल्या रात्री हवामानाचा इशारा आलेला असतो. वारा किती, लाटा किती, बाहेर जायचं की नाही. तो इशारा ज्या आकडेमोडीवर उभा असतो, तिचा मोठा भाग पुण्यात पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत होतो. तिथला ‘अर्क’ हा महासंगणक 26 सप्टेंबर 2024 रोजी देशाला अर्पण झाला. त्याची क्षमता 11.77 पेटाफ्लॉप्स. एका पेटाफ्लॉपमध्ये एकावर पंधरा शून्यं, म्हणजे सेकंदाला तेवढी गणितं, आणि अशी पावणेबारापट. या यंत्राच्या पोटातही पाणीच फिरतं. प्रोसेसरच्या अगदी पाठीला टेकलेल्या धातूच्या पट्टीतून ते वाहतं, तापतं, बाहेर जाऊन निवतं आणि परत येतं. ट्रॉलरच्या कूलरमध्ये आणि त्यात तत्त्वाचा फरक काहीच नाही.

इस्त्रीपेक्षा तापलेलं नख

संगणक जितकी वीज घेतो, तितकी जवळपास सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होते. पंखा वीज घेऊन हवा हलवतो, मोटर पाणी चढवते. संगणक मात्र वीज घेऊन आकडे बदलतो, आणि आकड्याला वजन नसतं. एक आणि शून्य यांची अदलाबदल करणारे अब्जावधी ट्रान्झिस्टर प्रत्येक उघडझापीला थोडीशी वीज जाळतात. ती उष्णता बाहेर काढायची जागा केवढी, तर अंगठ्याच्या नखाएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. एखादा दणकट प्रोसेसर तेवढ्या जागेतून शंभर वॅट किंवा अधिक उष्णता टाकतो. घरातली इस्त्री हजार वॅटची असली तरी तिचा तळवा हाताच्या पंजाएवढा असतो. दर चौरस सेंटिमीटरचा हिशेब मांडला तर प्रोसेसर इस्त्रीच्या दहापट तरी भरतो. इस्त्रीनं तापणं अपेक्षित असतं; प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास गेला की स्वतःहून वेग कमी करतो, नाहीतर बंद पडतो.

एका मशीनमध्ये अनेक प्रोसेसर का बसवावे लागले, याचं उत्तरही या उष्णतेतच आहे. 1974 मध्ये रॉबर्ट डेनार्ड या अभियंत्यानं दाखवलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारा विद्युतदाबही कमी करता येतो, आणि त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरची उष्णता वाढत नाही. तीस वर्षं हा नियम पावला. दरवर्षी चिप वेगवान होत गेली. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की दाब आणखी उतरवला की ते बंद असतानाही वीज झिरपू लागली. 2004 मध्ये इंटेलनं ‘तेजस’ नावाचा येऊ घातलेला प्रोसेसर रद्द केला, त्याच वर्षी 4 गिगाहर्ट्झचा पेंटियमही सोडून दिला. तेव्हाचा पेंटियम 3.8 गिगाहर्ट्झला पोचला होता. आज वीस वर्षांनी घरगुती बाजारातल्या सर्वांत वेगवान चिपचा आकडा त्याच्या दुप्पटही झालेला नाही. एकाला आणखी पळवता येत नाही म्हणून दोन, चार, चौसष्ट जण कामाला लावायचे, असा मार्ग उद्योगानं धरला. अनेक प्रोसेसर आणि पाण्याचा गारवा या दोन गोष्टी एकाच अडचणीतून जन्मल्या आहेत.

रापण आणि गरी

काम वाटून केलं की लवकर होतं, हे कोकणाला कुणी शिकवायला नको. रापणीत होडी जाळं घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ मारून येते, जाळ्याचे दोन दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा लागून ते ओढतात. माणसं वाढली की ओढणं हलकं होतं. पण एक अट असते: दोन्ही दोर एका तालात यायला हवेत. एक बाजू पुढे गेली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. आणि दुसरी गोष्ट, जाळं टाकायला होडी एकच. समजा होडीला एक तास लागतो आणि दहा माणसांना ओढायला पाच तास. माणसं कितीही वाढवली, ओढण्याचा वेळ शून्यावर आणला, तरी तो एक तास कुठे जात नाही. सहा तासांचं काम सहापटीपेक्षा लवकर होणं शक्यच नाही. संगणकशास्त्रात हाच हिशेब 1967 मध्ये जीन अॅमडाल यांनी मांडला आणि आजही कुठलाही महासंगणक बांधताना तो आधी केला जातो.

हवामानाचं गणित हे रापणीसारखं असतं. पृथ्वीवरच्या हवेचे चौकटी-चौकटींत तुकडे पाडायचे आणि प्रत्येक प्रोसेसरकडे काही चौकटी द्यायच्या. पण वारा चौकटीची हद्द मानत नाही. मालवणच्या चौकटीत पुढच्या काही मिनिटांत काय होणार हे शेजारच्या चौकटीत आत्ता काय आहे यावर ठरतं. त्यामुळे प्रत्येक पावलाला सगळ्या प्रोसेसरांनी शेजाऱ्यांशी आकडे वाटून घ्यायचे आणि मगच पुढे जायचं. एक जण रेंगाळला की हजारो जण थांबतात. एक प्रोसेसर तापून हळू झाला तर त्याच्या एकट्याचं नुकसान होत नाही, सगळ्या रापणीचं होतं. महासंगणकात प्रत्येक प्रोसेसर सारखाच गार ठेवण्यामागचं हे खरं कारण आहे, आणि पंख्यानं ते साधत नाही. रांगेतल्या शेवटच्या प्रोसेसरला आधीच्यांनी तापवलेली हवाच मिळते.

दुसऱ्या प्रकारची कामं गरवण्यासारखी असतात. खडकावर दहा जण गरी टाकून बसले आहेत, कुणाचं कुणावाचून अडत नाही, संध्याकाळी सगळ्यांची मासळी एका टोपलीत आली की झालं. अशा कामांना एकच मोठं यंत्र लागत नाही. जगभरच्या घरांतले संगणक इंटरनेटवरून कामाचे तुकडे घेतात, सोडवतात आणि उत्तर परत पाठवतात. 1999 साली सुरू झालेल्या सेटी अॅट होमनं रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी अशा घराघरांत वाटल्या आणि 2020 पर्यंत ते काम चाललं. आइनस्टाइन अॅट होममधून 2010 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यातलं एक दाम्पत्य आणि जर्मनीतला एक गृहस्थ यांच्या संगणकांनी एक नवा पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ लहरी सोडणारा तारा, शोधून दिला. फोल्डिंग अॅट होम प्रथिनांच्या घड्या कशा पडतात याचं गणित करतं. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, जग घरात बसलेलं असताना, कोरोना विषाणूच्या प्रथिनांसाठी इतक्या लोकांनी आपले संगणक जोडले की त्यांची एकत्रित ताकद दोन एक्झाफ्लॉप्सच्या, म्हणजे दोन हजार पेटाफ्लॉप्सच्या वर गेली. त्या वेळी जगातला एकही महासंगणक तिच्या जवळपास नव्हता.

पुण्याचं पाणी

वितरित आणि समांतर गणनेचा भारतातला मोठा इतिहास मराठी मुलखातच घडला आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं क्रे महासंगणक द्यायला आडकाठी घातल्यावर 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या चिपा एकमेकींना जोडून त्यांच्याकडून मिळून काम करून घेतलं होतं. ज्या देशाला मोठं यंत्र विकत मिळत नव्हतं त्यानं रापणीचा मार्ग धरला, आणि पुढे सगळं जगच त्या मार्गानं गेलं. हा निर्णय किती दूरदृष्टीचा होता, हे आज नीट कळतं. 2007 च्या नोव्हेंबरात पुण्याच्याच ‘एक’ या टाटा समूहाच्या यंत्रानं जगात चौथा क्रमांक पटकावला.

पाणी या कथेत जरा उशिरा आलं, खरं तर परत आलं. आयबीएमच्या 1980 मधल्या 3081 या यंत्रात शंभराहून अधिक चिपा एका डबीत बसवलेल्या असत. प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगनं दाबलेला धातूचा एक छोटा दट्ट्या, डबीत हेलियम वायू, आणि वरून थंड पाण्याची पट्टी. सेमूर क्रे यांनी 1985 च्या क्रे-2 मध्ये तर सगळी सर्किटं वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवली. पुढे कमी वीज खाणाऱ्या चिपा आल्या आणि पंख्यांनी भागू लागलं. मग त्या चिपाही तापल्या आणि पाणी परतलं. 2019 मध्ये पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत बसलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये द्रव थेट प्रोसेसरच्या पट्टीतून फिरतो. 2018 मध्ये पाषाणला सुरू झालेल्या ‘प्रत्युष’मध्ये कपाटांमधून आडवी हवा वाहते आणि दर दोन कपाटांमध्ये पाण्याच्या नळ्यांची जाळी ती गार करते. ‘अर्क’मध्ये ही मधली हवाही वगळली आहे. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतलं ‘फ्रंटियर’ हे 2022 मध्ये एक्झाफ्लॉपची हद्द ओलांडणारं पहिलं अधिकृत यंत्र. त्यातून मिनिटाला 22 हजार लिटरच्या आसपास पाणी फिरतं.

एवढं सगळं कशासाठी? सिंधुदुर्गाचा नकाशा समोर धरला की उत्तर मिळतं. जिल्ह्याचा किनारा 121 किलोमीटर. बारा किलोमीटरच्या चौकटी आखल्या तर देवगडपासून रेडीपर्यंतचा सगळा समुद्रकाठ दहा चौकटींत संपतो. मालवण ते आंबोली सरळ रेषेत साठ किलोमीटरसुद्धा नाही, पण आंबोलीचा पाऊस मालवणच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त. मधल्या पाच चौकटींत सह्याद्रीचा कडा नीट उभाच राहत नाही, तो उतरंडीसारखा दिसतो. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’नं ही चौकट सहा किलोमीटरवर आणली. चौकट निम्मी केली की चौकटींची संख्या चौपट होते आणि काळाचं पाऊलही निम्मं टाकावं लागतं, म्हणजे काम आठपट. ते वेळेत संपलं पाहिजे. वादळ येऊन गेल्यावर आलेला अंदाज कुणाच्या कामाचा?

किनाऱ्याला हे चांगलं ठाऊक आहे. 11 नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळात कोकणातले कितीतरी मच्छीमार समुद्रात होते आणि अनेक घरी परतले नाहीत. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या अंगावरून घासून गुजरातकडे गेलं. घरांची कौलं उडाली, माडपोफळी आडव्या झाल्या, मालवण तालुक्यातली गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. पण मच्छीमारांना समुद्रात न जाण्याचे इशारे त्याआधीच पोचले होते. या दोन वादळांमधल्या बारा वर्षांत जे सुधारलं त्यात उपग्रह आहेत, समुद्रातले बोये आहेत, शास्त्रज्ञांची मेहनत आहे, आणि ती सगळी माहिती वेळेत दळून काढणारी यंत्रंही आहेत.

मालवणात बांधायचा झाला तर

महासंगणक मालवणला येणार नाही, पण त्याचं छोटं भावंड येऊ शकतं. घरी किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अनेक प्रोसेसरांचं पाण्यानं गार होणारं यंत्र बांधून ते एखाद्या सार्वजनिक गणनेला जोडण्याचा छंद जगात पंचवीस वर्षं जुना आहे. 1999 मध्ये अॅबिट कंपनीचा बीपी 6 नावाचा मदरबोर्ड आला. त्यावर स्वस्तातले दोन सेलेरॉन प्रोसेसर बसत. हौशी मंडळींनी ते ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवले, आणि ते तापायला लागल्यावर मोटारीच्या हीटरचा छोटा रेडिएटर, मत्स्यपेटीचा पंप आणि स्वतः ड्रिल मारून केलेला तांब्याचा ठोकळा जोडून त्यांना गार केलं. आज तयार भाग मिळतात, पण यादी तीच आहे: प्रोसेसरवर बसणारा वॉटर ब्लॉक, नळ्या, पंप, पाण्याची टाकी, रेडिएटर.

दोन प्रोसेसर आणि एक ग्राफिक्स कार्ड धरून पाचशे वॅटचं यंत्र घेऊ. आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणारी हवा दहा अंशांनी तापू द्यायची असं ठरवलं, तर त्यातून मिनिटाला सुमारे अडीच हजार लिटर हवा खेळवावी लागते. तेच काम पाणी मिनिटाला पाऊण लिटरहून कमी प्रवाहात करतं. आकारमानाच्या हिशेबानं पाणी हवेच्या तीन हजारपटीहून अधिक उष्णता उचलतं, त्याचा हा परिणाम.

हा आकडा कुठेही सारखाच. पण मालवणात त्याचा अर्थ वेगळा होतो. अडीच हजार लिटर हवा म्हणजे दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा साधारण दर अकरा मिनिटांनी एकदा मदरबोर्डावरून जाणार. आणि ती हवा खारी आहे. समुद्राजवळच्या घरांत खिडकीचे गज सोलतात, टीव्हीच्या कार्डावर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, कुलपाला तेल घालून घालून माणूस थकतो. पावसाळ्यात तर हवेतला ओलावा मिठाला धरून सर्किटावर बसतो आणि दोन तारांमध्ये वीज चोरून वाहायला वाट देतो. किनाऱ्यावरच्या संगणकाचा मोठा शत्रू उष्णतेपेक्षा त्याला गार करायला आत घेतलेली हवाच आहे.

पाण्यानं गार केलं तर पेटी बंद करता येते. खाऱ्या हवेशी गाठ फक्त रेडिएटरची पडते, आणि तो पेटीबाहेर, हवं तर खिडकीबाहेर ठेवता येतो. आत एखादा छोटा पंखा तीच कोरडी हवा फिरवत राहतो, म्हणजे मदरबोर्डावरचे इतर भागही निवतात. सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या की उरलेला ओलावाही जातो. मायक्रोसॉफ्टनं 2018 ते 2020 अशी दोन वर्षं स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ 864 सर्व्हर एका पोलादी नळकांड्यात बंद करून समुद्राच्या तळाशी ठेवले होते. आत कोरडा नायट्रोजन, बाहेर थंड समुद्र. वर काढल्यावर दिसलं की जमिनीवरच्या तशाच सर्व्हरच्या मानानं बिघाड आठव्या हिश्श्यानंच झाले होते. मालवणचा समुद्र ऑर्कनीसारखा थंड नाही, पण बंद पेटीचा धडा इथंही तितकाच लागू आहे.

पाणी किती गार असावं, यावर हौशी माणूस हमखास चुकतो. जितकं गार तितकं चांगलं, असं वाटून बर्फ किंवा चिलर जोडला जातो. मे महिन्यात मालवणची हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के धरली तर दवबिंदू 27 अंशांच्या आसपास येतो. म्हणजे नळीतलं पाणी 20 अंशांचं असेल तर नळीला बाहेरून घाम येणार, बर्फ घातलेल्या कोकम सरबताच्या पेल्याला येतो तसाच, आणि तो थेंब मदरबोर्डावर पडणार. म्हणून पाणी कोमटच बरं. रेडिएटरमधून 38-40 अंशांचं पाणी आलं तरी प्रोसेसर सत्तरच्या आत राहतो आणि त्याला ते सहज चालतं. मोठ्या यंत्रांनीही हेच स्वीकारलं आहे. म्युनिकजवळचा ‘सुपरमक’ 2012 मध्ये 45 अंशांपर्यंतच्या पाण्यावर चालेल असा बांधला होता. झ्युरिकच्या ‘अॅक्वासार’मध्ये 2010 साली 60 अंशांचं पाणी वापरलं आणि तापून आलेल्या पाण्यावर इमारत उबदार ठेवली. देशावर ओल्या वाळ्याचा कूलर चालतो, कोकणात चालत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. बाष्पीभवनाला इथली हवा जागाच देत नाही. कोमट पाण्याच्या बंद फेऱ्याला मात्र ती अडचण येत नाही. 33 अंशांच्या हवेत 40 अंशांचं पाणी निवतंच. या किनाऱ्यासाठी हीच रचना योग्य आहे, याबद्दल शंका नको.

फेऱ्यात भरायचं पाणी विहिरीचं नको. जांभ्यातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात आणि वॉटर ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटी त्यांनी बघता बघता बुजतात. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर घ्यावं आणि त्यात गंजरोधक कूलंट मिसळावा. नळ्या पारदर्शक घेण्याचा मोह टाळावा, उजेड लागला की शेवाळ धरतं. सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉक तांब्याचा असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. एकाच पाण्यात तांबं आणि अॅल्युमिनियम आलं की त्या दोघांची बॅटरी तयार होते आणि अॅल्युमिनियम खाल्लं जातं. ट्रॉलरच्या कूलरमधला जस्ताचा तुकडा ज्या कारणानं झिजतो, त्याच कारणानं.

वीज हा खर्चाचा भाग आहे आणि तो झाकून ठेवू नये. पाचशे वॅटचं यंत्र चोवीस तासांत 12 युनिट खातं. घरी एकट्यानं हा भार उचलण्यापेक्षा प्रयोगशाळेत, पाच-सहा जणांनी मिळून हे करणं शहाणपणाचं. लाइट जाण्याची मात्र फार धास्ती नको, कारण अशा गणनेची सॉफ्टवेअरं ठरावीक वेळानं काम जिथवर आलं तिथली खूण डिस्कवर टाकून ठेवतात आणि वीज आली की तिथूनच पुढे सुरू करतात. आणि बाहेर पडणारी उष्णता पावसाळ्यात फुकट जाऊ देऊ नये. कोकणात जून ते सप्टेंबर कपाटात बल्ब पेटता ठेवून कपडे, तबला, पुस्तकं बुरशीपासून वाचवतात. रेडिएटरसमोर ठेवलेलं प्रयोगशाळेचं कपाट तितकंच कोरडं राहील.

कोणत्या कामाला हे यंत्र जोडावं, याचं उत्तर किनाऱ्यावरच्या मुलांनी शोधायला हवं. ऑक्सफर्डहून 2003 पासून चालणाऱ्या क्लायमेटप्रेडिक्शन डॉट नेट या प्रकल्पात घरगुती संगणक हवामानाची प्रारूपं थोड्या थोड्या फरकानं हजारो वेळा चालवतात. एखादी अतिवृष्टी किंवा उष्णतेची लाट तापणाऱ्या पृथ्वीमुळे किती वाढली, याचा अंदाज त्यातून बांधता येतो. ज्यांच्या अंगणातून तौक्ते गेलं त्यांना यापेक्षा जवळचा विषय कुठला? मालवणला कुंभारमाठला शासकीय तंत्रनिकेतन आहे, कणकवलीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जुने सर्व्हर मदरबोर्ड बाजारात मिळतात. आणि पंप, नळ्या, कूलर, जस्त यांतलं ज्याला सगळं कळतं असा माणूस धक्क्यावर रोज सकाळी भेटतो. विद्यार्थ्यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत बोलवावं.

जोडणी झाल्यावर घाई करू नये. पंपाला वेगळी वीज देऊन फक्त पाणी फिरवायचं. मदरबोर्ड, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड सगळं बंद. प्रत्येक सांध्याखाली कोरा टिश्यू पेपर ठेवायचा, पेटी थोडी इकडेतिकडे कलंडून आतले हवेचे बुडबुडे टाकीकडे काढायचे आणि चोवीस तास तसंच चालू ठेवायचं. दुसऱ्या दिवशी एकेक कागद उचलून बघायचा. सगळे कोरडे निघाले, तरच मदरबोर्डाला वीज द्यायची.